चतुराबाईंच्या अर्ध्या नोटेबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी साहेब,
जिल्हा गौरव प्रदर्शन व अभिलेख कक्ष,
लातूर.

अर्जदार : गुरुपादप्पा चनबसप्पा खानापुरे, धंदा कापड दुकान, रा. रेणापूर, ता. व जि. लातूर.

विषय : प्रदर्शनासाठी घेतलेल्या जुन्या नोटांपैकी फक्त एक नोट परत मिळणेबाबत (शेवटी विनंतीत केलेल्या बदलासह).

संदर्भ : १) आपल्या कक्षाची पोचपावती, ऑगस्ट १९८५. २) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज. ३) ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे आपले पत्र.

महोदय,

१. मी खाली सही करणार रेणापूरचा रहिवासी असून बसस्थानकाच्या रस्त्याला माझे कापडाचे लहान दुकान आहे. मला इंग्रजी व निजामी अमदानीतील कागदी नोटा जमविण्याचा नाद आहे. नाद हा शब्द अर्जात शोभत नाही याची जाणीव आहे. परंतु आपल्या कार्यालयाने मागील पत्रात मला ‘जुन्या नोटांचे व्यापारी’ म्हटले आहे, त्यापेक्षा तो बरा. मी आजवर एकही नोट विकलेली नाही. वडिलांच्या काळी आमच्या दुकानात निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार असे दोन्ही पैसे चालत. कलदार नोट आली की वडील ती दारात नेऊन उजेडाकडे धरीत, आतली नक्षी बघत आणि मलाही बोलावून दाखवीत. तेव्हापासून हे लागले. सोलापूर, उदगीर, हैदराबाद, जिथे कापड आणायला गेलो तिथे जुन्या सामानाच्या दुकानात शिरलो. घरच्यांनी बोलणी दिली, ती ऐकून घेतली.

२. सदर संग्रहात दहा रुपयांच्या एका नोटेचा फक्त उजवा अर्धा तुकडा होता. ही नोट पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची, एकाच बाजूने छापलेली. ती फाटलेली नव्हती, कात्रीने सरळ कापलेली होती. त्या काळी लांब पैसे पाठवायचे तर वाटेत लुटीचे भय. म्हणून लोक नोट मधोमध कापीत, एक अर्धे एका माणसाबरोबर पाठवीत आणि ते पोहोचल्याचा निरोप आला की दुसरे अर्धे पाठवीत. नोटेच्या दोन्ही अर्ध्यांवर तोच क्रमांक असे, त्यामुळे जोडी जुळत असे. एकट्या अर्ध्याला कोणी विचारीत नसे. माझा तुकडा मी सोलापुरात घेतला. विकणाऱ्याने सांगितले की तो एका धर्मशाळेच्या अडगळीतून आलेला आहे. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत जे वाटसरू तिथेच मेले आणि ज्यांचे सामान न्यायला कोणी आले नाही, त्यांच्या गाठोड्यांतला. हे ऐकून मला तो तुकडा संग्रहात नुसता चिकटवून ठेववेना. जिथे जाईन तिथे म्हाताऱ्या माणसांना दाखवीत असे.

३. सन १९८५ च्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला कंधारला गेलो असता मांडवात चार लोकांना हा तुकडा दाखविला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वृद्ध बाई विचारीत विचारीत आल्या. नाव श्रीमती चतुराबाई केंद्रे. गोधड्या शिवून पोट भरतात, पती वारलेले, मूलबाळ नाही. त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक चिंधी काढली आणि चिंधीतून नोटेचा डावा अर्धा भाग. मी माझा तुकडा शेजारी ठेवला. कापलेली कड कडेला लागली. क्रमांक तोच. मी नोटा बघण्यात आयुष्य घातले साहेब, पण असे काही माझ्यासमोर घडेल असे वाटले नव्हते.

४. चतुराबाईंनी सांगितले ते असे. त्या लहान असताना त्यांचे वडील हैबती गुट्टे दुष्काळामुळे सोलापूरच्या गिरणीत गेले. काही महिन्यांनी गावच्या एका माणसाबरोबर त्यांनी अर्धी नोट पाठविली. आईने पोहोचल्याचा निरोप धाडला. त्यानंतर ना दुसरी अर्धी आली, ना माणूस. गावाने ठरविले की हैबतीने तिकडे दुसरे बिऱ्हाड केले. आईने हे ऐकत आयुष्य काढले आणि ऐकतच गेली. चतुराबाईंना सासरीसुद्धा पळपुट्याची पोर म्हणत. माझा तुकडा साथीत मेलेल्या वाटसरूंच्या गाठोड्यांतून आल्याचे मी त्यांना सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजी पाठवूनच राहिला व्हता की माझा बाप. आर्धी जवळ धरून मेला, आन् आमी त्याला शिव्या घालून राहिलो.”

५. मी माझा तुकडा तिथल्या तिथे त्यांना देऊ केला. तो माझा राहिला नाही असे मला वाटले. परंतु त्या वर्षी नव्या जिल्ह्याच्या वर्धापनदिनाचे प्रदर्शन ठरत होते आणि आपल्या कक्षाने माझ्या नोटा मागितलेल्या होत्या. हे बोलता बोलता निघाले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग माझीबी न्या. दोन्ही एका जागी ठिवा. लोकायला दिसू द्या आप्पा. मंग आना दोन्ही माज्याकडं.” मी म्हणालो, एक कागद करून देतो. त्या हसल्या. “कागदच तर देऊन राहिले की तुमाला.” प्रदर्शन संपताच दोन्ही अर्धे त्यांच्या हाती आणून देईन, असा शब्द मी दिला.

६. प्रदर्शन फार चांगले झाले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. चतुराबाई कंधारहून बसने आल्या. नवे लुगडे नेसून नोटांच्या काचेच्या पेटीजवळ उभ्या राहिल्या आणि येईल त्याला सांगू लागल्या. शाळेच्या रांगा येत होत्या. पोरांना राजाचे नाव, नोटेवरच्या लिप्या यांत रस नव्हता. ती या बाईंचे ऐकत उभी राहत आणि मास्तर पुढे ढकलीत. तत्कालीन अधिकारी साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. सन्मान म्हणून नारळ दिला, तो त्यांनी पदरात बांधून नेला. मीही त्या दिवशी खूप सुखात होतो.

७. त्यानंतरची हकिकत आपल्या दप्तरी आहेच, तरी आपण नवीन रुजू झाला आहात म्हणून थोडक्यात लिहितो. प्रदर्शनाची मुदत वाढली. मग ते अधिकारी बदलून गेले. दुसरे आले, त्यांची नेमणूक टंचाईच्या कामावर झाली आणि कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर गावोगाव फिरू लागली. प्रदर्शनाच्या दालनात टँकरचे नियोजन सुरू झाले. किल्ली सापडली तेव्हा भांडारातून सांगण्यात आले की या चलनी नोटा आहेत, त्या रोख शाखेच्या सहीशिवाय देता येत नाहीत. रोख शाखेने सांगितले की या चालू नोटा नाहीत, त्या वस्तू आहेत, भांडाराकडे जा. पैकी हाली नोटांबाबत ‘या परक्या संस्थानच्या असल्याने अर्जदाराकडे कशा आल्या’ असा खुलासा मागविला. खुलाशात मी लिहिले की मी त्याच संस्थानात जन्मलो, साहेब, आणि आपले कार्यालय ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीनही त्याच संस्थानात होती. हे उद्धट वाटले असल्यास क्षमा असावी. त्याचे उत्तर आले नाही.

८. पुढे हिशेब तपासनीस आले. सरकारी कपाटात नोटा असून त्यांची जमा कुठेच दाखविलेली नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. त्यावर तोडगा म्हणून मला सर्व नोटांची दर्शनी किंमत घेऊन प्रकरण मिटविण्यास सांगण्यात आले. शंभराच्या नोटेचे शंभर, पाचाच्या नोटेचे पाच. कापलेल्या नोटेसमोर ‘फाटकी, मूल्य निरंक’ असे लिहिले होते. मी पैसे घेतले नाहीत. मग कोणी तरी ती नोट खराब होऊ नये या सद्हेतूने दोन्ही अर्धे चिकटपट्टीने जोडले आणि पुढील पत्रात निरंकाच्या जागी दहा रुपये आले. आता मात्र असे सांगण्यात येते की ती एकच नोट असल्याने तिच्यावर दोन इसमांचा हक्क सांगता येणार नाही. मी लेखी दिले की माझा हक्क नाही, पूर्ण नोट चतुराबाईंची. तर उत्तर मिळाले की पोचपावती माझ्या नावे आहे, चतुराबाईंचे नाव तीत नाही, आणि त्या नांदेड जिल्ह्याच्या रहिवासी असल्याने तिकडचे ना हरकत पत्र लागेल. मी नांदेडला गेलो. तिथे एका कार्यालयातील गृहस्थांनी सर्व ऐकून घेतले, चहा पाजला आणि म्हणाले, “काका, जी चीज आमच्याकडं कधी नव्हतीच, तिला आम्ही हरकत कशी घ्यावी आन् ना हरकत तरी कशी द्यावी?” त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही.

९. मधल्या एका साहेबांनी माझ्यावर रागावून म्हटले होते, “इकडे माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही जुने कागद घेऊन बसलात?” त्याच दिवशी माझी पत्नी महादेवी रेणापुरात टँकरपाशी घागरी लावून उन्हात उभी होती आणि मी लातूरला आपल्या बाकावर बसलेलो होतो. घरी गेलो तर तिने विचारले, झाले का काम? नाही म्हणालो. तिने तांब्याभर पाणी दिले. दुष्काळापुढे माझा अर्ज लहान आहे हे मला समजते. पण तो किती लहान, हे मला ठरविता येत नाही. बाकी सगळे मोठे प्रश्न सुटल्यावर तो निघेल असे म्हणावे, तर मोठे प्रश्न सुटण्याची चिन्हे नाहीत.

१०. चतुराबाई सुरुवातीला दर काही महिन्यांनी बसने रेणापूरला येत. अहमदपूरला गाडी बदलून. दुकानाच्या पायरीवर बसत, पाणी पीत, आणि माझे तोंड बघून काय ते समजत. एकदाही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. येताना महादेवीसाठी चिंचा आणीत. जाताना मलाच धीर देत, “हुईल आप्पा. सरकारचं काम हाय, येळ लागतो.” कंधारला काही लोक म्हणू लागले की आप्पाने ती नोट मुंबईला नेऊन विकली. हे मला चतुराबाईंच्या शेजारच्या शिवगंगा यांनी सांगितले. या शिवगंगा चतुराबाईंचे दुखले खुपले बघतात. त्या म्हणाल्या की म्हातारी नळावर लोकांशी भांडून आली. भांडताना म्हणाली, “माझ्या बापालाबी तुमी असंच म्हनत व्हता.”

११. गेल्या मार्च महिन्यात मी चतुराबाईंना घेऊन आपल्या कार्यालयात आलो. वरिष्ठ लिपिक श्री. रेणुकादास पाटोदेकर यांनी माणुसकी दाखविली. नोट देणे त्यांच्या हातात नव्हते, परंतु दाखविणे होते. त्यांनी कपाट उघडले, टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि पुठ्ठ्यावर लावलेली ती नोट समोर ठेवली. चतुराबाईंनी विचारले, “हात लावू का साहेब?” पाटोदेकर इकडे तिकडे बघून म्हणाले, “लावा माय. उचलू नका फक्त.” चतुराबाईंनी बोट फिरविले. मधोमध चिकटपट्टीची जाड रेघ लागत होती. पट्टी पिवळी पडली आहे आणि तिच्याखाली कागद चुरगळून काळा झाला आहे, हे मला दिसले. ती आता सोडवायला गेले तर नोट जाईल. मी त्यांना हे सांगितले नाही. त्या म्हणाल्या, “जोडली व्हय कुनी तरी? चांगलं केलं.” पाटोदेकरांच्या मागे लोक जमले होते, त्यांना चारा छावणीची बिले हवी होती. आम्ही निघालो. बसस्थानकावर मी त्यांना उसाचा रस घेऊन दिला, तो त्यांनी अर्धाच घेतला.

१२. या महिन्याच्या सुरुवातीपासून चतुराबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. शिवगंगा यांचा निरोप आला की त्या जेवत नाहीत. सबब मी पुढीलप्रमाणे विनंती करतो. माझ्या संग्रहातील इतर सर्व नोटा मी या अर्जाद्वारे शासनास देऊन टाकतो. त्यांवर माझा, माझ्या मुलांचा कोणताही हक्क राहणार नाही. दर्शनी किंमत नको, सन्मान नको, नारळ नको. फक्त ती एक नोट माझ्या हाती द्यावी. ती देणे नियमात बसत नसल्यास आपल्या एखाद्या शिपायाबरोबर एका दिवसासाठी कंधारला पाठवावी. शिपायाचे येण्याजाण्याचे भाडे आणि जेवण मी देईन. चतुराबाईंच्या हातात ती थोडा वेळ राहू द्यावी, आणि शिपायाने ती लगेच परत आणावी. त्यांना ती परत न्यायची आहे असे आधी सांगू नये, एवढीच भर घालतो.

१३. वरील मजकूर शनिवारी दुपारी टंकलेखकाकडून करून घेतला. तोवर आपले कार्यालय बंद झाले होते आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून सोमवारी घेऊन येणार होतो. रविवारी सकाळी कंधारहून माणूस आला. चतुराबाई शनिवारी संध्याकाळी वारल्या. मी माती द्यायला गेलो. गर्दी नव्हती. ज्यांनी मला नावे ठेवली होती त्यांतले दोघे तिघे होते, ते माझ्याशी चांगले बोलले. माझ्या खिशात हा अर्ज होता. का नेला होता, सांगता येत नाही.

१४. शिवगंगा यांना मी विचारले की शेवटी त्या नोटेबद्दल काही बोलल्या का. खोटे सांगितले असते तरी चालले असते, पण त्या साध्या आहेत. म्हणाल्या, “न्हाई हो आप्पा, नोटंचं काई नाव काढलं न्हाई. रेनापुरात टँकर येतो का नीट, म्हनून इचारत व्हत्या. तुमच्या घरच्या बाईला लई लांब जावं लागतं का म्हनून.” मी येतो असे सांगून बाहेर आलो आणि बस येईपर्यंत कंधारच्या किल्ल्याच्या बाजूला जाऊन बसलो. माझे वय झाले आहे, साहेब. लोकांपुढे रडायची मला सवय नाही.

१५. अर्ज नव्याने लिहावा असा सल्ला टंकलेखकाने दिला. मी तोच ठेवला आहे, कारण यातले काही खोटे झालेले नाही. फक्त कलम १२ मधील विनंती बदलावी लागते. शिपाई पाठविण्याची आवश्यकता उरलेली नाही. संग्रह शासनास दिला तो दिलाच, तो शब्द मी मागे घेत नाही. घरी ज्या कप्प्यात नोटा ठेवीत असे, तो आता मी उघडणार नाही. परंतु दोन्ही अर्धे चतुराबाईंच्या हाती देईन, असा दुसरा शब्द माझ्यावर आहे. तो कुठे फेडायचा हे मला समजत नाही. त्यांना वारस नाही. शिवगंगा घेण्यास नकार देतात, म्हणतात, माझा काय संबंध. हैबती गुट्टे यांचे पुढे कोणी नाही. माझ्याकडे ठेवली तर कंधारचे लोक म्हणत होते ते खरे ठरते. आपल्या कपाटात राहिली तर ती दहा रुपयांची जोडलेली नोट, एवढेच तिचे राहील.

तरी महोदयांनी कृपावंत होऊन, सदर नोट परत करण्याचे आदेश यापुढे कधी निघाल्यास, मी ती कोणाच्या हाती द्यावी याबाबत लेखी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपल्या बाकावर नेहमी बसणारा अर्जदार,

(सही)
गुरुपादप्पा चनबसप्पा खानापुरे
रेणापूर, मंगळवार, दि. १९ मे १९८७

सोबत :
१) कक्षाच्या पोचपावतीची नक्कल.
२) संग्रह शासनास दिल्याचे संमतीपत्र, पत्नी व दोन्ही मुलांच्या सह्यांसह.
३) श्रीमती चतुराबाई केंद्रे यांचा मृत्यूचा दाखला : अद्याप मिळालेला नाही. लागत असल्यास कळवावे, मी कंधारला जाऊन आणीन.